कडू बियांचे तेल आणि पुसले गेलेले नाव

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाई बेटांवर एखाद्याच्या अंगावर कुष्ठरोगाचा चट्टा निघाला, की त्याचे घर सुटलेच म्हणून समजायचे. १८६५ साली तिथल्या राजवटीने कायदा केला होता. संशयित रुग्णाला पकडून तपासायचे आणि रोग ठरला, की बोटीत बसवून मोलोकाई बेटाच्या उत्तर टोकावर कायमचे नेऊन सोडायचे. कलाउपापा हे त्या जागेचे नाव. तिन्ही बाजूंनी खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला सुमारे २००० फूट उंचीचा सरळसोट कडा. तिथून परतण्याची वाट नव्हती. नवरा-बायकोची ताटातूट व्हायची, मुले आईबापांवाचून वाढायची. हा कायदा शंभराहून अधिक वर्षे टिकला, तो रद्द झाला १९६९ मध्ये. तोवर सुमारे ८००० माणसे या वाटेने गेली होती. बेल्जियममधून आलेले फादर डेमियन १८७३ मध्ये या रुग्णांच्या सेवेला येऊन राहिले आणि १८८९ मध्ये याच रोगाने गेले, तेव्हा कलाउपापाचे नाव जगभर झाले. पण नाव झाले म्हणून औषध सापडले नाही.

रोगाचे कारण कळले होते. नॉर्वेचे डॉक्टर आरमौर हॅन्सन यांनी १८७३ मध्येच कुष्ठरोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. उपाय म्हणून मात्र जगातल्या डॉक्टरांच्या हाती एकच गोष्ट होती. आशियातल्या जंगलांतून येणारे एक पिवळसर, चिकट, उग्र वासाचे तेल. ते पोटात घेतले तर उलट्या आणि टोचले तर गाठी. या तेलाला रुग्णाच्या शरीरात शिरण्याची वाट करून दिली ती २३ वर्षांच्या एका रसायनशास्त्रज्ञ तरुणीने. तिचे नाव अ‍ॅलिस ऑगस्टा बॉल. औषध रुग्णांपर्यंत पोहोचले. नाव पोहोचायला मात्र ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

वर्षावनातले कडू फळ

हे तेल ज्या झाडांच्या बियांतून निघते, त्या प्रजातीचे नाव हायड्नोकार्पस. भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून ब्रह्मदेश, सयाम आणि पुढे आग्नेय आशियाच्या बेटांपर्यंतच्या वर्षावनांत या प्रजातीच्या सुमारे ४० जाती आढळतात. साग, चंदन किंवा सिंकोना यांच्यासारखे कौतुक या झाडांच्या वाट्याला कधी आले नाही. वनस्पतींचे अभ्यासक आणि जंगलात राहणारी माणसे सोडली, तर ती फार कुणाच्या परिचयाची नाहीत. त्यांना ओलावा आणि सावली लागते, त्यामुळे ती बहुधा ओढ्या-नाल्यांच्या काठाने वाढतात. फळ गोल, तपकिरी, टणक कवचाचे आणि साधारण संत्र्याएवढे. आतल्या गरात अनेक बिया दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्या बियांत भरपूर तेल असते आणि विषही. काही जातींची फळे मासे मारण्यासाठी पाण्यात टाकत.

यातली एक जात आपल्या सह्याद्रीतलीच. हायड्नोकार्पस पेंटँड्रा, म्हणजे कडू कवठ. कवठासारखे दिसणारे पण तोंडात न धरवणारे फळ, असे नावातच सांगितले आहे. कोकण, गोवा आणि खाली केरळपर्यंतच्या ओल्या जंगलांत ते आढळते. त्याच्या बियांचे तेल त्वचारोगांवर लावण्याची रीत जुनी आहे. आयुर्वेदात याला तुवरक म्हणतात. सुश्रुतसंहितेत कुष्ठावरचे औषध म्हणून तुवरकाचे वर्णन येते आणि तो पश्चिम समुद्राच्या किनारी वाढतो, अशी त्याची खूणही सांगितली आहे. ब्रह्मदेशातही अशीच एक कथा आहे. कुष्ठरोगाने पछाडलेला एक राजा राज्य सोडून जंगलात गेला आणि तिथल्या एका झाडाची फळे खाऊन बरा झाला, असे ती सांगते. ते झाड याच प्रजातीतले, हायड्नोकार्पस कुर्झी. बाजारात त्याच्या तेलाला चालमोगरा म्हणत.

पाश्चात्य वैद्यकात हे तेल कोलकात्यातून गेले. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. फ्रेडरिक मौआट यांनी १८५४ मध्ये त्याचा वापर प्रसिद्ध केला. त्यानंतर बिया आणि तेल युरोप-अमेरिकेला जाऊ लागले. पण ज्या झाडाच्या म्हणून या बिया विकल्या जात, ते झाडच वेगळे होते. जवळपास अर्धशतक वैद्यकाची पुस्तके चुकीच्या झाडाचे नाव छापत राहिली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी खऱ्या झाडाची ओळख पटवली. १९०४ च्या सुमारास लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर यांनी तेलातली मेदाम्ले वेगळी केली. त्यांच्या कार्बनच्या लांब साखळीच्या टोकाला पाच कार्बनचे एक कडे असते. खाण्याच्या तेलांत अशी रचना नसते. तेलाचा गुण बहुधा इथेच असावा, असे रसायनशास्त्रज्ञांना वाटू लागले.

एवढे कळूनही रुग्णाचे हाल कमी झाले नाहीत. तेल प्यायला दिले, तर मळमळ आणि उलट्यांनी रुग्ण बेजार होई. महिनोन्महिने ते घेणे बहुतेकांना जमत नसे. अंगावर चोळले, तर ते वरच राही. सुईने टोचले, तर घट्ट तेल कातडीखाली जिथल्या तिथे साचून बसे. शरीर ते शोषून घेत नसे, ओळीने फुगवटे उठत आणि कधी गळवे होत. रोगापेक्षा औषध नको, असे रुग्णांनी म्हणावे अशी स्थिती होती.

छायाचित्रकारांच्या घरातली मुलगी

अ‍ॅलिस बॉल यांचा जन्म २४ जुलै १८९२ रोजी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात झाला. कुटुंब कृष्णवर्णीय, सुशिक्षित आणि मध्यमवर्गीय. वडील जेम्स बॉल वृत्तपत्राचे संपादक, वकील आणि छायाचित्रकार होते. आई लॉरा याही छायाचित्रणाचे काम करत. आजोबा जे. पी. बॉल हे अमेरिकेतल्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय छायाचित्रकारांपैकी एक. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर आयोडीन आणि पाऱ्याच्या वाफेने चित्र उमटवण्याच्या जुन्या तंत्रात त्यांचे मोठे नाव होते. कोऱ्या पत्र्यावर रसायनांमुळे चेहरा उमटतो, हे पाहतच या घरातली मुले मोठी झाली.

अ‍ॅलिस यांच्या जन्माच्या दाखल्यावर आई आणि वडील दोघेही गोरे असल्याची नोंद आहे. वर्णद्वेषाच्या त्या काळात मुलांची वाट थोडी सोपी व्हावी म्हणून अशा नोंदी होत असत. कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरेच, हा प्रकार पुढेही त्यांची पाठ सोडणार नव्हता.

आजोबांना संधिवाताचा त्रास होता. उबदार हवेत बरे वाटेल म्हणून १९०३ मध्ये सगळे कुटुंब होनोलुलूला गेले. पण पुढच्याच वर्षी आजोबा वारले आणि १९०५ मध्ये कुटुंब सिअ‍ॅटलला परतले. हवाई बेटांशी त्यांची पहिली ओळख झाली ती अशी. १९१० मध्ये अ‍ॅलिस यांनी शालेय शिक्षण पुरे केले आणि वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. १९१२ मध्ये औषधी रसायनशास्त्राची आणि १९१४ मध्ये औषधनिर्माणशास्त्राची, अशा दोन पदव्या त्यांनी मिळवल्या. आपले प्राध्यापक विल्यम डेन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला शोधनिबंध त्याच वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्या काळात अशा नियतकालिकात स्त्रीचे नाव क्वचित दिसे, कृष्णवर्णीय स्त्रीचे तर जवळजवळ नाहीच.

पुढच्या शिक्षणासाठी त्यांना दोन ठिकाणांहून शिष्यवृत्ती देऊ करण्यात आली, कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि हवाईचे महाविद्यालय. त्यांनी हवाई निवडले. आज हवाई विद्यापीठ म्हणून ओळखली जाणारी ती संस्था त्या वेळी अगदी नवी आणि लहान होती. तिथे त्यांनी अभ्यासाला घेतले आवा किंवा कावा नावाचे झुडूप. मिरी आणि नागवेलीच्या प्रजातीतली ही वनस्पती. पॅसिफिक बेटांवरचे लोक तिच्या मुळाचे गुंगी आणणारे पेय पिढ्यान्‌पिढ्या पीत आले आहेत. त्या मुळातला नेमका कोणता घटक परिणाम करतो, हे शोधून तो वेगळा काढण्याचे काम त्यांनी केले. १९१५ मध्ये त्यांना पदव्युत्तर पदवी मिळाली. या संस्थेतून ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. लगोलग त्या तिथेच रसायनशास्त्र शिकवू लागल्या. वय होते २३.

तेलाची गाठ सुटली

होनोलुलूतल्या कलिही रुग्णालयात कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णांना आधी ठेवून घेत. तिथून पुढे कलाउपापाची बोट. या रुग्णालयात डॉ. हॅरी हॉलमन काम करत होते. चालमोगऱ्याच्या तेलात काहीतरी गुण आहे, हे त्यांना दिसत होते, पण ते रुग्णाच्या अंगात उतरवायचे कसे, हे सुटत नव्हते. हे काम डॉक्टरचे नव्हे, रसायनशास्त्रज्ञाचे, हे ओळखून ते मदतीच्या शोधात होते. काव्याच्या मुळावरचे अ‍ॅलिस बॉल यांचे काम त्यांच्या कानावर आले. वनस्पतीतला गुणकारी अंश वेगळा काढण्याचा अनुभव असलेली व्यक्ती गावातच होती. हॉलमन यांनी त्यांना विचारले आणि त्यांनी होकार दिला.

दिवसा वर्गात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात तेलावर प्रयोग, असा त्यांचा क्रम सुरू झाला. अडचण काय होती, ते समजून घेण्यासारखे आहे. कोणतेही तेल म्हणजे ग्लिसरीनच्या एका रेणूला चिकटलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. हा बोजड रेणू पाण्यात मिसळत नाही आणि शरीरातल्या द्रवांत सहज पसरत नाही. खाल्लेले तेल आतड्यात पाचकरसांनी फुटते, पण कातडीखाली टोचलेल्या तेलाला ती सोय नाही. ते तिथेच गाठ धरून बसते.

अ‍ॅलिस बॉल यांनी आधी ही मोळी सोडवली. तेलातून ग्लिसरीन बाजूला काढून मेदाम्ले मोकळी केली. साबण तयार करताना होते, त्याच जातीची ही क्रिया. मग या मेदाम्लांचा संयोग अल्कोहोलशी घडवून आणला. त्यातून मिळाली एथिल एस्टर नावाची संयुगे. पाच कार्बनचे कडे आणि लांब साखळी तशीच राहिली, म्हणजे औषधाचा अंश शाबूत राहिला. पण तीन साखळ्यांच्या जड रेणूऐवजी आता एकेका साखळीचा हलका रेणू होता. घट्ट तेलाच्या जागी पातळ द्रव आला. तो सुईतून सहज जाई, स्नायूत पसरे आणि शरीर तो हळूहळू शोषून घेई.

ही क्रिया कागदावर सोपी वाटते, प्रत्यक्षात ती तशी नव्हती. चालमोगऱ्याच्या तेलात अनेक मेदाम्ले एकत्र असतात आणि त्यांचे गुणधर्म एकमेकांच्या इतके जवळचे, की ती वेगळी करताना कस लागतो. जर्मनीत एस्टरच्या रूपातले एक औषध याआधी बाजारात आलेही होते, पण ते सर्रास वापरात रुजले नव्हते. रुग्णालयाशेजारच्या प्रयोगशाळेत करता येईल आणि रुग्णांना नियमित टोचता येईल अशी रीत बसवणे, हे काम बाकी होते. साधारण वर्षभरात अ‍ॅलिस बॉल यांनी ते करून दाखवले.

३१ डिसेंबर १९१६

या कामाचा निबंध लिहून तो छापून येण्याआधीच त्या आजारी पडल्या. १९१६ मध्ये त्या उपचारांसाठी सिअ‍ॅटलला परतल्या आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे २४.

होनोलुलूच्या एका वर्तमानपत्राने त्यांच्या मृत्यूचे कारण क्लोरीन वायूची बाधा असे सुचवले. युरोपात पहिले महायुद्ध पेटले होते आणि विषारी वायूचा वापर सुरू झाला होता. वायूपासून बचाव करणारा मुखवटा कसा वापरायचा, हे वर्गात दाखवत असताना ही बाधा झाली, असे त्या बातमीत म्हटले होते. घातक वायू बाहेर खेचून नेणारी यंत्रणा त्या काळच्या प्रयोगशाळांत सक्तीची नव्हती. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र कारण दिले आहे क्षयरोग. जन्माच्या दाखल्यावरचा वर्ण जसा खरा नव्हता, तसेच मृत्यूच्या दाखल्यावरचे कारणही संशयातच राहिले.

त्यांच्या मागे प्रयोगशाळेतल्या नोंदी राहिल्या आणि ती रीत राहिली. महाविद्यालयाचे अध्यक्ष आर्थर डीन हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी हे काम पुढे चालवले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एस्टर मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले, कलिही रुग्णालयात इंजेक्शने सुरू झाली आणि दुसऱ्या देशांतूनही मागणी येऊ लागली. १९२० मध्ये अमेरिकेच्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात हवाईतून एक वृत्तांत आला. या उपचारानंतर ७८ रुग्णांना कलिही रुग्णालयातून घरी सोडण्यात आले होते.

७८ हा आकडा लहान दिसतो. पण ज्या रोगाचे निदान म्हणजे कायमचा वनवास, त्यातून माणसे आपल्या घरी परत जात होती. आई मुलांकडे, नवरा बायकोकडे. चट्टा दिसला की लपून राहणारे लोक आता आपण होऊन दवाखान्यात येऊ लागले, कारण तिथून परत येता येते हे त्यांना दिसू लागले होते.

डीन यांनी आपले शोधनिबंध प्रसिद्ध केले. त्यांत अ‍ॅलिस बॉल यांचा उल्लेख नव्हता. जग या उपचाराला डीन पद्धत म्हणू लागले. ज्या तरुणीने ही रीत बसवली, ती चार वर्षांपूर्वीच गेली होती आणि तिच्या बाजूने बोलणारे फारसे कुणी नव्हते.

एकजण मात्र बोलले. १९२२ मध्ये डॉ. हॉलमन यांनी त्वचारोगांच्या एका नियतकालिकात निबंध लिहिला. तेलाचे एस्टर करण्याची रीत अ‍ॅलिस बॉल यांची आहे, हे त्यांनी त्यात स्पष्ट नोंदवले आणि तिला बॉल पद्धत असे नाव दिले. डीन यांनी नंतर केलेल्या बदलांनी मूळ रीतीत काही सुधारणा झालेली नाही, असेही त्यांनी लिहिले. मदत मागायला जे गेले होते, तेच साक्षीला उभे राहिले. पण तोवर दुसरे नाव रुळले होते. हॉलमन यांचा निबंध ग्रंथालयांच्या कपाटात पडून राहिला.

झाडाच्या शोधात

औषधाला मागणी वाढली तशी बियांची टंचाई जाणवू लागली. बिया येत त्या ब्रह्मदेशातल्या दुर्गम जंगलांतून, गावकरी आणि व्यापाऱ्यांच्या हातून. कोणत्या वर्षी किती येतील आणि त्यांत भेसळ किती असेल, याचा भरवसा नसे. तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्याने जोसेफ रॉक या वनस्पतिशास्त्रज्ञाला झाडाच्या शोधात पाठवले. अ‍ॅलिस बॉल हवाईच्या महाविद्यालयात शिकवत होत्या, तेव्हा रॉकही त्याच संस्थेत होते.

१९२० आणि १९२१ मध्ये रॉक सयाममधून ब्रह्मदेशात शिरले. नदीने, पायी, जंगलातून वाट काढत ते चिंदविन नदीच्या वरच्या खोऱ्यात पोहोचले आणि तिथे त्यांना फळांनी लगडलेली चालमोगऱ्याची झाडे सापडली. त्यांनी आणलेल्या बियांतून हवाईच्या ओआहू बेटावर लागवड झाली. बियाण्यापासून तेल आणि तेलापासून औषध, ही साखळी एका ठिकाणी जुळवण्याचा तो प्रयत्न होता. वर्षावनाच्या ओलाव्यात वाढणारे झाड दुसरीकडे रुजवायला आणि फळायला वर्षे लागतात. तोवर औषधाचे युग बदलत होते.

भारतात याच काळात कडू कवठाचे तेल आणि त्याचे एस्टर कुष्ठरोग्यांना टोचले जात होते. कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स आणि अर्नेस्ट म्यूर यांनी या प्रजातीच्या तेलांवर बरेच काम केले. सह्याद्रीतली कडू कवठाची बी त्यामुळे देशभरातल्या कुष्ठधामांत पोहोचली.

उपाय होता, पूर्ण नव्हता

या औषधाचे यश किती, हेही सांगायला हवे. ते रामबाण नव्हते. इंजेक्शने महिनोन्महिने घ्यावी लागत आणि ती दुखत. रोग सुरुवातीला असेल तर गुण दिसे, पुढे गेलेल्या रोगात कमी. घरी गेलेल्या काही रुग्णांत रोग पुन्हा उलटला. तरीही सुमारे पाव शतक जगात कुष्ठरोग्यासाठी याहून चांगले काही नव्हते. १९४१ मध्ये अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात सल्फोन गटातल्या औषधाचा वापर सुरू झाला. पुढे याच गटातली डॅप्सोनची गोळी आली आणि चालमोगरा मागे पडला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची, म्हणजे बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन या तीन औषधांनी कुष्ठरोग आज पूर्ण बरा होतो.

औषध मागे पडले तसे अ‍ॅलिस बॉल यांचे उरलेसुरले नावही मागे पडले. १९७० च्या दशकापासून हवाई विद्यापीठातल्या प्राध्यापक कॅथरीन टाकारा आणि पुढे स्टॅन्ली अली यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुने कागद चाळायला सुरुवात केली. महाविद्यालयाच्या नोंदी, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि हॉलमन यांचा तो निबंध. धागे जुळत गेले. २००० साली हवाई विद्यापीठाने आपल्या आवारातल्या चालमोगऱ्याच्या झाडाजवळ अ‍ॅलिस बॉल यांच्या नावाचा फलक बसवला. २००७ मध्ये विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर विशेष पदक दिले. लंडनमधल्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या प्रसिद्ध संस्थेच्या इमारतीवर नामवंत संशोधकांची नावे कोरलेली आहेत. २०१९ पर्यंत त्यांत एकही स्त्री नव्हती. त्या वर्षी तीन नावे कोरली गेली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मेरी क्युरी आणि अ‍ॅलिस बॉल.

पुसलेले नाव परत लिहिण्याचा उपयोग गेलेल्या माणसाला होत नाही. तो मागे राहिलेल्यांना होतो. विज्ञानातले काम अनेक हातांनी होते. कुणी झाड ओळखते, कुणी तेलातले आम्ल शोधते, कुणी बी आणायला जंगलात शिरते, कुणी सुई टोचते. यातला एक हात नोंदीतून गळला, की पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलीला असे वाटू शकते, की इथे आपल्यासारखे कुणी कधी नव्हतेच.

आज काय लक्षात ठेवावे

कुष्ठरोग इतिहासजमा झालेला नाही. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत किंवा दुखत नसेल आणि त्या जागी स्पर्श, ऊन-थंड कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवावे. हातापायांत मुंग्या, बधिरपणा किंवा बोटांत अशक्तपणा हीही लक्षणे असू शकतात. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका उरत नाही. त्यामुळे रुग्णाला घराबाहेर काढण्याचे, वेगळे ठेवण्याचे कारणच नाही. उशीर केला तर मात्र नसांचे नुकसान होते आणि ते भरून येत नाही.

कडू कवठाचे किंवा चालमोगऱ्याचे तेल घरच्या घरी वापरून पाहण्याच्या फंदात पडू नये. त्या बिया विषारी आहेत आणि कुष्ठरोगावर आज त्यांची गरज उरलेली नाही.

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याकाठी कडू कवठाचे झाड दिसले, तर एवढे आठवावे. याच झाडाच्या भाऊबंदांच्या बियांतून एका २३ वर्षांच्या शिक्षिकेने औषध काढले आणि कलाउपापाची बोट ठरलेली माणसे आपल्या घरी गेली. तिला ते पाहायला मिळाले नाही.